टाकीखालचे उबाळे सर

३ नोव्हेंबर, सोमवार

करू नाही ते करून बसलो.

आज दुपारी कॉलेजच्या ऑफिसातला माईक हातात घेतला आन उबाळे सरच्या आवाजात गनिताची टेस्ट रद्द करून टाकली!

झालं असं. जेवनानंतर टेस्ट होती. पयल्या टेस्टले वीसपैकी दोन भेटले होते मले, त्यातला एक बहुतेक नाव बराबर लिवल्याचा असंन. आज बी काहीच येत नोतं. बोनाफाईड आनाले ऑफिसात गेलो तं क्लार्क चहाले गेलेला. टेबलावर माईक. बाजूले लाल बटन. साऱ्या वरांड्यात भोंगे लावेल हायेत, त्याचा माईक. आता माह्या बापाचा लोणारले मंडप-साऊंडचा धंदा. लहानपनापासून माईक दिसला का हाताले खाज सुटते. यात माही काय चूक?

बटन दाबलं. आवाज थोडा नाकातून, थोडा खालून घशातून —

"प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. आजची गणिताची टेस्ट काही अपरिहार्य कारणामुळे रद्द करण्यात येत आहे. घाई नाही. सावकाश जा."

'घाई नाही' हे सरचं पेटंट. ते टाकलं म्हनून पब्लिकले पटलं. सारी बिल्डिंग बोंबलली! पोट्टे धावत गेटवर कचोरी खाले. मी बी खाल्ली. लय भारी लागली.

मंग आठोलं, बॅग वरच राह्यली. आनाले गेलो. खिडकीतून पाह्यलं तं हॉलमधे सर एकटेच. प्रत्येक बाकावर पेपर उलटा ठेवेल, वर खडूचा तुकडा — पंख्यानं उडू नये म्हनून. सर खुर्चीवर. त्याहीनं डाव्या हाताले झटका देल्ला, मनगट पाह्यलं, दाराकडं पाह्यलं.

सर घड्याळ घालत नाई! पन सवय पाह्य — कोनतंबी गनित सुरू करायच्या आंधी मनगटाले झटका, रिकाम्या मनगटाकडं पाह्यनार, मंग "हं, तर—". मी हे हॉस्टेलवर करतो तं पोट्टे लोळतात.

आज मले हासू नाई आलं. बॅग न घेताच वापस आलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सर वर्गात आले. मी शेवटच्या बाकावर, मुंडकं खाली. वाटलं, आता भडकतात.

तं म्हनले काय — "काल मी टेस्ट रद्द केली, असं मला गेटवरच्या कचोरीवाल्याकडून समजलं." सारे हासले. सर बी थोडेसे. "टेस्ट अठरा तारखेला. ज्यांचा अभ्यास झाला होता त्यांचं नुकसान झालं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. चला. घाई नाही." आन झटका, "हं, तर—", शिकवाले सुरू!

दोन शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

पुष्पांजली मॅडमनं मातर सोडलं नाई. विभागप्रमुख हायेत त्या. नुसती चपलेची टकटक आली तरी पोट्टे भिंतीले चिपकतात. त्याहीनं नोटीस लावली — माईकवरचा मानूस सापडला तं सरळ कॉलेजच्या बाहेर.

तसा मी बाहेरच बरा. खरं सांगू तुले, डायरी? माहा नंबर इथं लागला हेच चुकीनं. शेवटच्या फेरीत, साऱ्याहीनं घेऊन उरलेली सीट. बाकीचे पोट्टे नाशिकचे, पुन्याचे, क्लास लावून आलेले. अर्धा सिलॅबस त्याहीचा इथं येन्याच्या आंधीच झाला हाय. पयल्या आठवड्यात मी मोठ्या हिमतीनं उभा राह्यलो, "सर, मले हे समजलं नाई." वर्ग फुटला! "मले! मले!" दिवाळीपर्यंत माहं नावच 'मले' होतं. तवापासून वर्गात तोंड उघडलं नाई. उघडलं तं दुसऱ्याच्या आवाजात.

आन घरी बी जाता येत नाई. काऊन का, नंबर लागला त्या दिवशी बाबानं ऑटोवर भोंगे बांधले आन सारं लोणार फिरले — "कडूबा साऊंड सर्व्हिसचे मालक कडूबा यांचे चिरंजीव देवानंद हे इंजिनीअर झालेले आहेत!" होनार नाई, *झालेले!* आता सरोवरातल्या माकडाहीले बी माहीत हाय.

५ नोव्हेंबर, बुधवार

क्लार्क वर्गावर्गात फिरून चौकशी करून राह्यला. आसिम माहा रूममेट, देऊळगाव राजाचा. म्हने, "अबे, केलं तू आन घाम मले फुटून राह्यला. माहं तोंडच गुन्हेगारासारखं हाय यार!"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेलो! धरला गेलो!

नाजिश. आमची सी.आर. बुलढान्याची, वर्गात पयली. बोलनं कमी, पाहनं जास्त. कँटीनच्या मागं आडवी आली.

"तूच होता ना?"

"कोन? कुठं? कायचा?"

"'लक्ष द्यावे' म्हणून तू श्वास घेतला. सर तिथं श्वास घेत नाहीत."

बाप्पा! पोट्टी हाय का मशीन!

मी सरळ हात जोडले. "बहीन माही, मॅडमले सांगू नको. माहा बाप भोंगे बांधून फिरेल हाय."

"कुठं फिरेल?"

सांगतलं सारं. ओढनी तोंडाले लावून हासली. मंग एकदम सरळ चेहरा. "नाही सांगत. पण एक काम करावं लागेल. मामूच्या पोरीचं लग्न होतं, माझं मॅट्रिक्सचं लेक्चर गेलं. वह्या पाहिल्या साऱ्यांच्या, मले काही कळून नाही राह्यलं. तू त्या दिवशी होता ना वर्गात?"

"होतो. पन मी कुठं ऐकत होतो? मी आवाज पकडत होतो."

"मग तोच काढ. उबाळे सर कर. पहिल्या 'हं, तर'पासून शेवटच्या बेलपर्यंत. कॉमेडी नाही करायची. एक शब्द गाळायचा नाही."

"आन नाई जमलं तं?"

"तर मॅडमची केबिन डावीकडं आहे."

दिसाले गरीब, आन वसुली पाह्य कशी!

९ नोव्हेंबर, रविवार

आज काय झालं ते लिवाले हात पुरत नाई!

हॉस्टेलच्या मागं पान्याची टाकी हाय, उंच खांबाहीवर. खाली सावली. एक खांब चांगला गुळगुळीत, तोच फळा. खडू आसिमनं वर्गातून उचलला. पब्लिक दोघं. आसिम विटेवर बसला, नाजिश वही घेऊन पायरीवर.

सुरुवातीले मीच हासत होतो. मनगटाले झटका. "हं, तर— रँक म्हणजे काय?" आसिम लोळला. नाजिशनं डोळे वटारले. मंग मी डोळे मिटले आन त्या दिवशीचा वर्ग कानात लावला. बाबाची कॅसेट लावतो तशी. आन पाह्य, सारंच्या सारं होतं तठी! कुठं सर थांबले, कुठं खोकलले, कुठं खडू तुटला, सारं.

"मुलांनो, मॅट्रिक्समधे ओळी पुष्कळ असतात. पण स्वतःचं काही सांगणाऱ्या ओळी किती? तेवढी रँक. जी ओळ दुसरीची नक्कल आहे, तिच्यातून ती दुसरी वजा करा. शून्य! ती काही सांगत नव्हती. नुसती उभी होती."

खांबावर लिवलं — एक दोन तीन. दोन चार सहा. तीन पाच सात. हात आपोआप चालत होता, सरसारखा तिरपा.

नाजिशनं मधातच हात वर केला. "सर, दुसरी ओळ तर वेगळी दिसते. मग ती नक्कल कशी?"

आता आली का पंचाईत! हे कॅसेटमधे नोतं. हा प्रश्न त्या दिवशी कोनी इचारलाच नोता. मी तसाच उभा, सरच्या पोजमधे. आन तोंडातून निघालं — "छान प्रश्न. घाई नाही. पहिल्या ओळीला दोननं गुणा. काय आलं? दोन चार सहा. म्हणजे पहिलीच आहे, फक्त मोठ्यानं बोलते आहे."

"हां!" नाजिश म्हने आन खाली मान घालून लिवाले लागली.

आसिम उठून उभा राह्यला. "अबे. हे सरनं सांगतलं होतं?"

"नाई."

"मंग कोनं सांगतलं?"

मले तरी काय माहीत! तिसऱ्या ओळीतून पयलीची तिप्पट वजा केली. शून्य, उने एक, उने दोन. उरली! ही आपलं बोलते! दुसरी गेली, दोन ओळी राह्यल्या, रँक दोन! मी टाकीखाली उडी मारली. सर कधी उडी मारत नाई, नाजिश म्हने, पन चालते.

१० नोव्हेंबर, सोमवार

पन एक लोच्या हाय.

सकाळी एकट्यानं बसून दुसरं गनित घेतलं. माह्या सोताच्या आवाजात. "आता पयली ओळ..." ठप्प. डोक्यात नुसती 'मले! मले!' सुरू. मंग झटका, "हं, तर—" — सुटलं! वापस माह्या आवाजात. ठप्प. सरच्या आवाजात. सुटलं!

म्हंजे येते ते सरले. मले नाई. मी दुसरी ओळ. सर वजा केले का मी शून्य.

आसिमले सांगतलं तं म्हने, "चहा पे. अन् परीक्षेत सरच्याच आवाजात लिव. पेपरले कुठं कान असतात!"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

टाकीखाली आता जागा पुरत नाई! मेकॅनिकलचे पोट्टे बी आले. नाशिकचा एक जन, ज्यानं 'मले' नाव पाडलं होतं, तोच आज वही घेऊन पुढं बसला होता. "उबाळे सर, इनव्हर्सचं परत सांगता का?" म्या मनगट पाह्यलं, म्हनलं, "घाई नाही बाळ, आधी विटेवरून ऊठ, ती आसिमची आहे." लय मजा!

आन सगळ्यात खतरनाक — आज खरे सर तिकडून गेले! सायकल हातात धरून, कंपाऊंडच्या पलीकडून. मी "हं, तर—"च्या मधात होतो. सर थांबले. मी थांबलो. टाकीतून पानी ठिपकत होतं तेवढंच. सरनं खांबाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं नाई. आन गेले.

काई म्हनले नाई. काऊन म्हनले नाई?

जेवताना बाबाचा फोन. तुळशीचं लगन झालं, लग्नसराई सुरू. "देवा, बापू, दोन दिवस ये ना. तुह्यासारखी अनाउन्समेंट कोनाले जमत नाई. परवा छकुलीनं माईक घेतला तं नवरदेवाले नवरी म्हने. माईक वाट पाहून राह्यला तुही."

माही लहान बहीन छकुली मांगून वरडली, "खोटं! एकदाच म्हनलं!"

जावं वाटलं. तठी मी कोनीतरी हाय. ठरोलं — अठराची टेस्ट. पास झालो तं राह्यनार. नाई झालो तं बॅग भरून सकाळची लोणार गाडी, आन मंग वापस नाई. इंजिनीअर 'झालेलो' हावच ना मी, आता आनखी काय व्हाचं?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झाली टेस्ट. तोंडातल्या तोंडात पुटपुटत सारी सोडवली. सुपरवायझर दोनदा म्हनले, "कोण बोलतंय?" तिसऱ्या खेपी म्हनले, "उबाळे सर आत आले का?" मी पेन चावला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चौदा! चौदा! वीसपैकी चौदा!!!

सरनं पेपर हातात देल्ला. आसिमनं पाठीत गुद्दा हानला, अजून दुखते. नाजिशले एकोनीस, तरी ती माहाच पेपर पाहत होती. "शेवटच्या गणितात चिन्ह चुकवलं. नाहीतर सतरा होते, बावळट."

पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं आनंद झाला मले.

मंग टकटक. पुष्पांजली मॅडम. "देवानंद कोण? दोनावरून चौदा? कुणाचं बघून लिहिलं?"

वर्गात कोनी हासलं नाई या खेपी. मी उभा राह्यलो. माह्या आवाजात काय सांगू?

मॅडम म्हनल्या, "सोमवारी माझ्या केबिनमधे तोंडी परीक्षा. फळ्यावर सोडवून दाखवायचं. उबाळे सरही असतील. नाही जमलं तर टेस्टचे शून्य, आणि घरी पत्र."

घरी पत्र गेलं तं बाबा ते बी माईकवर वाचतीन.

२३ नोव्हेंबर, रविवार

आता पाह्य कसा फसलो.

गनित येते, पन सरच्या आवाजातच येते. आन सोमवारी सर समोर बसनार, बाजूले मॅडम. "हं, तर—" काढला का मॅडमच्या डोक्यात घंटी वाजलीच — अरे, हाच तो माईकवाला! म्हंजे आवाज काढला तं कॉलेजच्या बाहेर. नाई काढला तं शून्य, तरी बाहेरच.

बॅग भरली.

आसिमनं बॅगेतून चादर काढून घेतली. "माही हाय बे."

"नाई, माही हाय."

"मंग इथंच राहू दे. तू वापस येशील तं लागंन."

नाजिशनं मेसेज पाठोला — "मी एवढे दिवस तुझ्याकडून शिकले. सरांकडून नाही. सरांना तो छान प्रश्न मी विचारलाच नव्हता." तीनदा वाचला. तरी बॅग भरलेलीच हाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बस भैताडा, शांत बस, आन नीट लिव!

मॅडमची केबिन. पांढरा बोर्ड, मार्कर. मॅडम खुर्चीत. उबाळे सर खिडकीजवळ, हातावर हात.

"रँक काढ." मॅडमनं मॅट्रिक्स लिवून देल्ला. नवाच होता.

मार्कर हातात घेतला. "मॅडम, मी... पयली ओळ... मले..." ठप्प. कानात 'मले! मले!' मार्करची टोपी खाली पडली, खुर्चीखाली गेली. मॅडमनं पेन उचलला, कागदावर टेकवला. शून्यच लिवत असतीन.

मी सरकडं पाह्यलं. सर माह्याकडं पाहत नोते. आपल्या रिकाम्या मनगटाकडं पाहत होते.

मनात म्हनलं, जाऊ दे. काढाचं तं काढाचं. बाहेर गेलो तं चौदा घेऊन तरी जाईन.

हात झटकला.

"हं, तर— घाई नाही. पहिली ओळ तशीच ठेवू."

मॅडमचा पेन तठीच थांबला. त्याहीनं माह्याकडं पाह्यलं, सरकडं पाह्यलं, वापस माह्याकडं. सरची मान खाली. मी थांबलोच नाई! थांबलो असतो तं मेलो असतो. "दुसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा करू. काय उरलं? शून्य, शून्य, शून्य. म्हणजे ही नुसती उभी होती." खडाखड, खडाखड! रँक दोन. मार्कर खाली ठेवला.

मॅडमनं बोर्ड वरून खालपर्यंत वाचला.

मंग मॅडम हळू आवाजात, "पाठ केलंय तू सगळं. आवाजासकट. आता मला सांग, असं का? दुप्पट-तिप्पट दिसणारी ओळ का मोजायची नाही? सरांनी सांगितलेलं नको. तुझं सांग."

कॅसेट संपली. पुढं काहीच नाई. झटका देल्ला, काई नाई आलं.

आन मले एकदम आमचा मंडप दिसला.

"मॅडम, मले मंडपातलं समजते. माह्या बाबाचा साऊंडचा धंदा हाय. लग्नात आम्ही चार भोंगे लावतो. एक मंडपात, एक रस्त्यावर, दोन जेवनाच्या पंगतीत. कोनाचा आवाज लहान, कोनाचा मोठा. पन माईक एकच. चारही भोंगे एकच बोलतात — 'मुलीचे मामा, मंडपात या.' आता बातम्या किती झाल्या मॅडम? चार का एक?"

"एक."

"बस! रँक एक. आवाज दुप्पट केला म्हनून बातमी दुसरी होत नाई. पन तितक्यात आमच्या छकुलीनं दुसरा माईक घेतला आन म्हनली, 'नवरदेवाचा बूट हारपला' — आता रँक दोन!"

मॅडमच्या गालावर काहीतरी हाललं. हासू असंन, पक्कं नाई सांगत. "आणि त्या नक्कल करणाऱ्या भोंग्यानं मधेच एक शब्द बदलला तर?"

"तं तो आपलं बोलाले लागला मॅडम! पयला वजा केला तरी काहीतरी उरतेच. मंग त्याले मोजाच लागते."

बोलून झाल्यावर कळलं. 'मले' म्हनलो होतो, 'बाबा' म्हनलो होतो, 'मोजाच लागते' म्हनलो होतो. हा आवाज कोनाचा होता? माहा! माहा होता!

मॅडमनं कागदावर रेघ मारली. "चौदा राहू द्या." आन मंग — मले वाटलंच होतं — "उबाळे सर, तीन तारखेला माईकवर जो आवाज होता, तो मला आत्ता ओळखीचा वाटला."

मी मार्करची टोपी शोधाले खुर्चीखाली वाकलो.

सर उठले. "वाटणारच मॅडम. माझाच होता. टेस्ट मीच रद्द केली होती. नंतर विसरलो आणि हॉलमधे जाऊन बसलो. वय झालं."

"सर!" मॅडम म्हनल्या.

"माफी असावी."

मॅडमनं दोघाहीकडं पाह्यलं. मंग टेबलावरची नोटिशीची कॉपी खनात टाकली. "जा दोघेही."

बाहेर वरांड्यात मी सरच्या पायाले हात लावाले वाकलो. सर बाजूले झाले. "त्या दिवशी प्रत्येक पेपरवर खडू ठेवला होता मी. ते सगळे उचलायला एकट्याला वेळ लागला. पुढच्या टेस्टला पेपर तू वाटायचे आणि खडूही तूच उचलायचे."

"हाव सर."

"आणि टाकीखालच्या खांबावर इनव्हर्सचं दुसरं उदाहरण चुकलंय. नीट कर."

पाह्य! वाचलं होतं त्याहीनं!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबाले फोन केला. "चौदा भेटले." बाबा म्हने, "कितीपैकी?" वीस. मंग म्हने, "ऑटो काढू का?" मी म्हनलं, "काढा बाबा, पन 'इंजिनीअर होऊन राह्यला' म्हना. 'झाला' म्हनू नोका."

माय मांगून म्हने, "त्याले इचारा, जेवला का."

बॅग रिकामी केली. चादर आसिमचीच होती.

आज टाकीखाली माह्या आवाजात शिकवलं. दोनचार जन उठून गेले. बाकीचे बसले. नाशिकवाला म्हने, "सरांपेक्षा हे बरं समजतं, पण हासायला येत नाही." म्हनलं, त्याचे वेगळे पैसे पडतीन!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिवू का नोको, कळत नाई. पन पोटात राहत नाई.

आज शेगावले गेलतो दर्शनाले. जोडे ठेवाच्या जागी मांगून आवाज आला. बारीक, जराक घाईघाईचा — "माय, हळू वं. पायरी पाह्य. काऊन धावून राह्यली?" आपल्याकडलं कोनीतरी असंन म्हनून वळलो. आमचे उबाळे सर! एका हातात म्हातारीची चप्पल, एका हातात म्हातारी!

सरनं मले पाह्यलं. वर्गातला आवाज काढाले तोंड उघडलं, पन माय जवळ होती, निघाला नाई.

मायले ओट्यावर बसोलं आन बाजूले घेतलं मले. "पुन्याले शिकाले गेलतो. पयल्याच दिवशी उभा राह्यलो, 'सर, मले समजलं नाई.' सारा वर्ग हासला. वर्षभर तोंड उघडलं नाई मी बी. मंग आमच्या गनिताच्या सरचा आवाज उचलला. बोलाले आलं. मंग तो सोडताच आला नाई बे." मनगट झटकलं. ""हा झटका बी त्याहीचाच, घड्याळ त्याहीच्या हाताले होतं. पट्टा ढिला होता, खाली घसरे."

म्हंजे मी जे उचललं, ते आंधीच उचलेल होतं! इतके दिवस मी नकलेची नक्कल करत होतो!

जाता जाता सर थांबले. लाजल्यासारखे. "ते भोंग्याचं उद्या वर्गात घेऊ का मी? पन कोनाले सांगजो नोको, कोनापासून उचललं."

म्या हाव म्हनलं. तोंडाले कुलूप. तुले सांगतलं, काऊन का तुले तोंड नाई. हात जोडतो तुले, पाया पडतो — कोनाले सांगजो नोको! नाजिशले नाई, बाबाले नाई, आसिमले तं मुळीच नाई. सरची शपथ हाय तुले. सांगजो नोको!